स्नोमोबिलच्या मागच्या सस्पेन्शनचं काम : खडबडीत वाटेसाठी केलेल्या दुरुस्तीच्या नोंदी

गाडी म्हणजे स्नोमोबिल : पुढे स्की आणि मागे इंजिनाने फिरणारा रबरी पट्टा असलेली बर्फावरची गाडी. पट्टा १३७ इंची. पट्ट्याच्या आतल्या मागच्या सांगाड्यात (दोन लांब रेल, त्यांना गाडीशी जोडणारे पुढचा-मागचा आर्म आणि चाकं) धक्के शोषणारे दोन शॉक : मधला शॉक कॉइल स्प्रिंगचा, मागच्या शॉकच्या दोन्ही बाजूंना टॉर्शन (पिळाच्या) स्प्रिंगा. माझं वजन हेल्मेट-बूट-जॅकेटसकट ९२ किलो. माझ्या फिरण्यातली निम्मी वाट पन्हाळी पत्र्यासारखी असते, हातभर अंतरावर एकामागून एक उंचवटे. गेल्या हंगामाच्या शेवटच्या फेरीत पुढच्या आर्मला तडा गेला आणि गाडी ओढत आणावी लागली. त्या दुरुस्तीच्या या नोंदी. कोणी हेच काम काढलं तर माझे वाया गेलेले दिवस तरी त्याचे वाचावेत.

१२ ऑक्टोबर

सांगाडा बाहेर काढला. दीड तासाचं काम म्हणून सुरुवात केली, लागले साडेपाच तास.

गाडीच्या बोगद्याला (पट्ट्यावरच्या पत्र्याच्या खोबणीला) सांगाडा चार बोल्टांवर असतो, पुढच्या शाफ्टला दोन आणि मागच्याला दोन. दोन्ही बाजूंचे बोल्ट एकाच शाफ्टच्या दोन टोकांत आटतात. मी डावा बोल्ट पूर्ण काढला आणि मग उजव्याला पाना लावला. अख्खा शाफ्ट बोल्टाबरोबर गरागरा फिरायला लागला, कारण आता त्याला धरून ठेवणारं काहीच उरलं नव्हतं. यातच तीन तास गेले. शेवटी डावा बोल्ट जाड वॉशर घालून परत घट्ट आवळला, उजवीकडे गंजावरचं तेल मारून अर्धा तास वाट पाहिली, मग उजवा सुटला. चारही बोल्ट आधी फक्त अर्धा-अर्धा फेरा सैल करायचे आणि सगळे हलले की मगच एकेक काढायचा.

त्याहून महत्त्वाचं : टॉर्शन स्प्रिंगांचे लांब पाय सांगाडा काढण्याआधी त्यांच्या ठोकळ्यांवरून उतरवा. पायावर लांब पाइप चढवायचा, दाबायचं, बाजूला सरकवायचं. चेहरा त्या रेषेत आणायचा नाही. मी पहिला पाय पकडीने ओढायचा प्रयत्न केला. पकड सुटली आणि पाय रेलवर असा आपटला की रंग उडून धातू दिसला. तिथे बोट असतं तर गेलंच असतं.

१३ ऑक्टोबर

धुणं आणि तपासणी. पुढच्या आर्मला खालच्या आडव्या नळीच्या वेल्डिंगलगत अर्ध्या परिघाचा तडा. आर्मच्या प्लास्टिक बुशांत (शाफ्टभोवतीच्या नळकांड्यांत) दीड मिलिमीटर खेळ, म्हणजे ढिलेपणा. आठ चाकांपैकी तीन चाकांच्या बेअरिंगमध्ये खरखर. बेअरिंग ६२०५ नंबरची निघाली, म्हणजे २५ × ५२ × १५ मिमी. दोन्ही बाजूंना रबरी सील असलेलीच घ्यायची, कारण बर्फाचं पाणी आत शिरलं की एका हंगामात गंजतात.

रेलखालचे प्लास्टिकचे स्लायडर पुढच्या वळणापाशी फार झिजलेले, मागे जवळजवळ नवे. ही खूण मी वाचायला हवी होती. पुढेच झीज म्हणजे पट्ट्याचा पुढचा भाग गरजेपेक्षा जास्त जोराने जमिनीवर दाबला जातोय. गेल्या हंगामात गाडी पुढून तळाला आपटायला लागली तेव्हा मी मधल्या शॉकच्या स्प्रिंगचा ताण वाढवत नेला होता. ती स्प्रिंग इतकी आवळावी का लागतेय, हा प्रश्न तेव्हा पडला नाही आणि आजही पडला नाही. आजच पडला असता तर पुढचे आठ आठवडे वाचले असते.

रेल वरवर पुसले, तडा दिसला नाही, म्हणून ठीक धरले.

१९ ऑक्टोबर

आर्मचं वेल्डिंग. आर्म क्रोमोली (क्रोमियम-मॉलिब्डेनम स्टील) नळीचा, भिंत सुमारे २ मिमी. ओळखीच्या एका वर्कशॉपमध्ये टिग मशीन वापरायला मिळतं, तिथे गेलो.

रंग खरवडून धातू उजळ केला, तडा पूर्ण उघडा केला, भरला. मग कोपऱ्यात २ मिमी पत्र्याचे त्रिकोणी आधार बसवायला घेतले आणि इथे दोन चुका झाल्या.

पहिली म्हणजे आडव्या नळीतला एक प्लास्टिक बुश काढायचा राहिला. धूर आला तेव्हा कळलं. वितळलेलं प्लास्टिक नळीतून खरवडून काढायला तासभर गेला.

दुसरी चूक महागात पडली. एका बाजूचा आधार मी सलग वेल्ड केला. थंड झाल्यावर शाफ्ट घालून पाहिला तर आत जाईना. उष्णतेने नळी ओढली जाऊन दोन्ही टोकांच्या भोकांची रेषा २ मिमीने चुकली होती. वेल्ड कापून काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. या वेळी शाफ्टच्या मापाची जुनी सळई नळीत आरपार घालून ठेवली, आर्म जाड लोखंडी पाटावर क्लॅम्पने आवळला, आधी चार-चार ठिपके मारले आणि मग डावीकडे बोटभर, उजवीकडे बोटभर असं आळीपाळीने भरत गेलो. सळई शेवटी हातोडीच्या दोन हलक्या ठोक्यांत बाहेर आली. इतपत चालतं.

आधाराच्या आकाराबद्दल एक सांगायचंय. त्रिकोणाची टोकं बोथट ठेवून नळीच्या आडव्या परिघावर वेल्ड संपवला तर पुढचा तडा नेमका तिथूनच सुरू होतो. टोक निमुळतं करा आणि वेल्ड नळीच्या लांबीच्या दिशेने संपवा. माझा पहिला आधार कापावा लागला ते एका अर्थी बरंच झालं, कारण त्याची टोकं बोथट होती.

वेळ : येण्याजाण्यासकट सात तास.

२६ ऑक्टोबर

बेअरिंग, बुश, नवे स्लायडर. बेअरिंग बसवताना बाहेरच्या कड्यावरच दाब द्यायचा. योग्य मापाचा सॉकेट ठेवून शिकंज्यात दाबली. आर्मच्या नळ्यांना ग्रीसचे निपल बसवले. नळीच्या आत बुरा राहू देऊ नका, भोक पाडल्यावर आतून घासून, फुंकून घ्या.

शिवाय जाड टॉर्शन स्प्रिंगा आणल्या. जुन्यांची तार १०.५ मिमी, नव्यांची ११. अर्धा मिलिमीटर म्हणजे किरकोळ वाटतं, पण टॉर्शन स्प्रिंगचा कडकपणा तारेच्या व्यासाच्या चौथ्या घातात वाढतो, म्हणजे हा फरक २० टक्क्यांचा होतो. या कामातली सगळ्यात महाग खरेदी हीच. गाडी तळाला आपटते म्हणजे स्प्रिंग मऊ, असं मी मनात पक्कं करून टाकलं होतं. कुठलंही माप न घेता ऑर्डर दिली.

सांगाडा परत चढवताना पुढचे बोल्ट आधी लावले, मग मागचा आर्म कप्पीच्या पट्ट्याने ओढून भोकासमोर आणला. पट्टा नसता तर एकट्याने जमलं नसतं.

३० नोव्हेंबर

पहिला पुरेसा बर्फ. ६० किलोमीटर. दोन्ही शॉकच्या दांड्यांवर प्लास्टिकची बारीक टाय बांधली होती. शॉक जितका आत जातो तितकी टाय सरकते आणि फेरीनंतर तिथेच राहते.

सपाटीवर गाडी टुणटुणीत. पन्हाळी वाटेवर पहिले दहा मिनिटं कशीबशी, मग एकेक उंचवटा पाठीच्या कण्यात जाणवायला लागला. मागचा भाग उसळून वर यायचा आणि लगेच पुढून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज. ४० मिनिटांनी थांबून टाय पाहिल्या. मागची दांडीच्या निम्म्यावर, मधल्या शॉकची थेट तळाच्या रबरावर दाबून चपटी झालेली.

मग उजवीकडून नवा आवाज सुरू झाला, टक्, टक्, वेगाबरोबर वाढणारा. बर्फात आडवा होऊन टॉर्च मारली. पुढचा आर्म शाबूत. त्याच्या बोल्टाच्या भोकापासून उजव्या रेलला तडा, वरच्या कडेकडे तिरका गेलेला. पंधराच्या वेगाने घरी.

१ डिसेंबर

सांगाडा पुन्हा बाहेर. या वेळी ५० मिनिटं.

तडा ३० मिमी. तडा दाखवणारं लाल रंगाचं द्रव मारलं, पुसलं, वर पांढरा पावडर-स्प्रे मारला. लाल रेष उमटली ती माझ्या अंदाजापेक्षा ८ मिमी पुढे गेलेली. डाव्या रेलवरही तोच प्रयोग केला आणि तिथेही भोकाच्या काठावर ५ मिमीची रेष मिळाली. तिच्या कडा काळ्या, म्हणजे ती जुनी. ऑक्टोबरात "पुसले, दिसला नाही" म्हणून सोडलेला तडा तो हाच असणार. आर्म मजबूत केला, पण आर्मवर येणारा मार तसाच राहिला होता. तो एक पायरी पुढे सरकला आणि रेलवर निघाला.

रेल वेल्ड करायचा मोह झाला, पण केला नाही. रेल ६०६१-टी६ ॲल्युमिनियमचे. या धातूची ताकद उष्णतेच्या प्रक्रियेतून आलेली असते. वेल्डिंगच्या आजूबाजूच्या पट्ट्यात ती प्रक्रिया पुसली जाते आणि धातू जवळजवळ निम्म्यावर येतो. तडा बुजतो, पण शेजारी मऊ जागा तयार होते आणि पुढच्या वेळी रेल तिथे वाकतो.

२ ते ५ डिसेंबर, संध्याकाळी थोडं थोडं

तड्याच्या टोकाला ३ मिमी भोक पाडलं, म्हणजे टोकाची धार जाऊन तडा तिथेच थांबतो. भोक तड्याच्या *खऱ्या* टोकावर पडलं पाहिजे, म्हणून तो लाल द्रव. नुसत्या डोळ्यांच्या भरवशावर पाडलं असतं तर ८ मिमी मागे पडलं असतं आणि उपयोग शून्य.

मग दोन्ही रेलना बाहेरून ४ मिमी जाडीची त्याच ॲल्युमिनियमची पट्टी, २६० मिमी लांब. आतून तशीच पण २०० मिमीची. लांबी मुद्दाम वेगळी ठेवली. दोन्ही पट्ट्या एकाच रेषेत संपल्या तर रेल तिथे एकदम कडकचा मऊ होतो आणि वाकण्याचा सगळा ताण त्या रेषेवर येतो.

रेलचा मधला पडदा पातळ असतो. बोल्ट नुसता आवळला तर पट्टी आत दबते, म्हणून प्रत्येक बोल्टाभोवती मापाने कापलेली नळीची चकती घातली. स्टीलचा बोल्ट ॲल्युमिनियममध्ये ओला राहिला की पांढरी बुरशी धरून जाम होतो, तेव्हा बोल्टांना अँटी-सीझ पेस्ट. मात्र लॉक द्रव आणि ही पेस्ट एकाच आट्यावर नको. आट्यांना लॉकनट ठेवले, पेस्ट फक्त बोल्टाच्या अंगाला.

चूक इथेही झाली. आतल्या पट्टीचे खालचे दोन बोल्ट मी डोकं वर ठेवून लावले. सांगाडा चढवून पट्टा हाताने फिरवला तर कर्र आवाज. पट्ट्याच्या आतल्या लोखंडी क्लिपा बोल्टाच्या डोक्याला घासत होत्या. हाताने फिरवला म्हणून वाचलो, इंजिन चालू करून पाहिलं असतं तर क्लिपा उपटल्या असत्या. सगळं परत काढलं, भोकांना शंकूसारखी खाच मारली आणि डोकं पट्टीत बुडेल असे बोल्ट घातले. एक अख्खी संध्याकाळ गेली.

७ डिसेंबर

आजचा दिवस या सगळ्या कामाचा. आणि खरा दोष माझ्या नाही, धाकट्या भावाच्या हाताला लागला.

मी रेलच्या पट्ट्यांचे बोल्ट किती आवळलेत ते पाहत होतो. तो बाजूला बसून मधल्या शॉकची स्प्रिंग उतरवून साफ करत होता. म्हणाला, "दादा, ही दांडी आत गेली ती परत येतच नाहीये."

मी हातात घेतला. दांडी अंगठ्याने दाबली, आत गेली आणि तिथेच राहिली. बाहेर ओढली तर पहिले दोन सेंटिमीटर काही विरोधच नाही, पोकळ, मग एकदम तेल लागल्यासारखं जड. पुन्हा दाबली, तेच. आतून चुळ्ळ असा आवाज. गॅस पूर्ण गेलेला आणि तेलात हवा. चांगल्या शॉकची दांडी स्प्रिंगशिवाय दाबली की सारख्या जोराने आत जाते आणि सोडल्यावर गॅसच्या दाबाने सावकाश आपोआप बाहेर येते. मागचा शॉक दाबून पाहिला, तो तसाच आला.

म्हणजे मधला शॉक मेलेला होता, बहुधा गेल्या हंगामाच्या मध्यापासून. नुसत्या स्प्रिंगवर आणि तळाच्या रबरावर गाडी चालली होती. म्हणून मी ती स्प्रिंग आवळत गेलो, म्हणून स्लायडर पुढे झिजले, म्हणून आर्म तुटला. तो मजबूत केल्यावर तोच मार रेलने खाल्ला. वर जाड टॉर्शन स्प्रिंगांनी मागचा भाग उंच धरला आणि पुढे आणखी भार ढकलला. शॉकची स्प्रिंग उतरवून दांडी दाबायला दहा मिनिटं लागतात. ही तपासणी १३ ऑक्टोबरच्या यादीत सगळ्यात वर हवी होती.

८ आणि ११ डिसेंबर

मधला शॉक खोलला. (गॅसचा शॉक कधीही आधी व्हॉल्व्हमधून दाब सोडल्याशिवाय खोलू नये, रिकामा वाटला तरीही.) तेल राखाडी, चिखलासारखं. गॅस आणि तेल वेगळं ठेवणारा आतला तरंगता पिस्टन असतो, त्याच्या रबरी कड्याला चीर. त्या चिरेतून गॅस तेलात गेला आणि मुख्य सीलमधून बाहेर. दांडी काचेवर लोळवली, वाकलेली नव्हती. ओरखडेही नव्हते, नाहीतर नवे सील आठवड्यात गेले असते.

सील संच आणि नवं तेल. किंमत जाड स्प्रिंगांच्या पाचव्या भागाएवढी.

पहिल्या जोडणीत तरंगत्या पिस्टनची खोली चुकली. ही खोली शॉकच्या तक्त्यात दिलेली असते आणि मी ती नळीच्या कडेऐवजी आतल्या खाचेपासून मोजली, म्हणून गॅसची जागा कमी राहिली. दांडी आत शिरते तेव्हा तिच्या जाडीइतकं तेल सरकून गॅसला दाबतं. गॅसला जागाच नसेल तर शॉक मधेच दगड होतो. गॅस भरून आणला, दाबून पाहिला तर शेवटचे १५ मिमी जाईचना. परत गॅस सोडला, खोलला, व्हर्निअरने दोनदा मोजून बसवला, हवेचे बुडबुडे संपेपर्यंत हळूहळू पिस्टन वरखाली केला. नायट्रोजन १४ बार, म्हणजे सुमारे २०० पीएसआय. तो भरायला बाहेर जावंच लागतं.

१४ डिसेंबर

आता मापं घेतली. मागचा बंपर उचलून सस्पेन्शन पूर्ण मोकळं सोडलं आणि जमिनीपासूनची उंची मोजली. मग गाडी दोनदा दाबून सोडली, मी पूर्ण कपड्यांत बसलो आणि भावाने पुन्हा मोजली. जाड स्प्रिंगांवर गाडी फक्त ५५ मिमी बसली. माझ्या गाडीला ९० ते १०० हवं. एवढं कमी बसलं की खड्ड्यात पट्टा खाली जायला वावच राहत नाही आणि मागचा भाग हवेत उडतो.

जुन्या स्प्रिंगा परत घातल्या, ताणाचा कॅम तीनपैकी दुसऱ्या खाचेवर. ९७ मिमी. नव्या स्प्रिंगा तेल लावून फळीवर ठेवल्या. डाव्या-उजव्या ओळखायला चिठ्ठ्या बांधल्या, त्या एकमेकींच्या जागी बसत नाहीत.

मधल्या शॉकच्या स्प्रिंगचा ताण गेल्या हंगामात वाढवलेला सगळा परत कमी केला.

२१ डिसेंबर

पन्हाळी वाटेचा सुमारे ४०० मीटरचा एकच तुकडा धरला. दर फेरीला एकच बदल, वही खिशात. अकरा फेऱ्या.

शॉक जिवंत झाल्यावर पहिल्याच फेरीत लोखंडी आवाज गेला. मधल्या शॉकची टाय तळापासून १८ मिमी आधी थांबली.

तरी तुकड्याच्या शेवटी शेवटी गाडी कडक वाटायची, सुरुवातीला नाही. मी आधी मागचा शॉक मऊ केला तर आणखी बिघडली. उंचवटे लागोपाठ आले की शॉकला परत उघडायला वेळ मिळत नाही. दर उंचवट्याला तो थोडा थोडा दबलेलाच राहतो आणि दहाव्या उंचवट्याला चाल संपलेली असते. परतीचा (शॉक उघडण्याचा) वेग दोन क्लिक वाढवला आणि शेवटपर्यंत सारखी चालली. चार क्लिक केल्यावर मागून लाथ बसायला लागली, म्हणून दोनवर आणलं.

वळणात स्की सरळ पळत होत्या. लिमिटर पट्टा (सांगाड्याचा पुढचा भाग किती खाली जाईल ते ठरवणारा) एक भोक आखूड केला. स्कीवर भार आला, वळण छान, पण मधल्या शॉकची चाल कमी झाली आणि हँडल जड झालं. तासाभरात खांदे दुखले. परत लांब केला आणि मधल्या स्प्रिंगचा ताण अजून एक फेरा कमी केला. वळण पुरेसं मिळालं, हात हलके राहिले.

मागचा कपलिंग ठोकळा (सांगाड्याचा पुढचा-मागचा भाग एकत्र हलायला लावणारा) फिरवून पाहिला. वेग देताना पुढचा भाग कमी उचलला, पण खड्ड्यात गाडी ताठ. होता तसा ठेवला.

१८ जानेवारी

या मांडणीवर ५२० किलोमीटर. सांगाडा उतरवला, ३५ मिनिटं.

लाल द्रव पुन्हा मारलं. उजव्या रेलचा तडा थांबवलेल्या भोकापलीकडे गेलेला नाही. डाव्याची ५ मिमीची रेष तेवढीच. आर्मचं वेल्डिंग स्वच्छ. बाहेरच्या डाव्या पट्टीचा एक लॉकनट पाव फेरा सैल. प्रत्येक नटावर पांढऱ्या रंगाची रेघ मारली होती, म्हणून लगेच दिसला. स्लायडर आता पुढे-मागे सारखे झिजताहेत. पट्ट्याचा ताण पहिल्या ५० किलोमीटरनंतर एकदा कमी झाला होता, मग स्थिर.

आतापर्यंतचा वेळ जोडला तर ४१ तास. यातले २२ तास चुका निस्तरण्यात आणि तेच काम दुसऱ्यांदा करण्यात गेले.

मागच्या आर्मच्या वरच्या बुशात अर्धा मिलिमीटर खेळ सुरू झालाय. बुश मागवला. तो येईपर्यंत दर शंभर किलोमीटरला ग्रीस, आणि दर फेरीनंतर मधल्या शॉकची टाय पाहून आकडा वहीत. आजचा आकडा १६ मिमी.